अण्णांची फियाट

मराठीतला 'गंज' हा शब्द भलताच बहुरूपी आहे. स्वयंपाकघरात तो भांडे असतो, खळ्यात त्याची गंजी होते, उत्तरेकडच्या गावांच्या नावाला चिकटला म्हणजे बाजारपेठ होतो, आणि लोखंडाला लागला म्हणजे त्या लोखंडाची पुन्हा माती करतो. निफाडकडचा शेतकरी गव्हावरच्या रोगाला तांबेरा म्हणतो. त्याचा नि गंजाचा रंग एकच. वाक्प्रचारात बुद्धीला गंज 'चढतो'. मोटारीपुरते तरी हे क्रियापद बदलायला हवे. मोटारीला गंज चढत नाही, आतून फुटून बाहेर येतो. रंगावर मोहरीएवढा फोड दिसला, म्हणजे आतला कार्यभाग बहुधा उरकलेला असतो.

एरवी या सदराला आठवड्याला पाऊण पान मिळते. दिवाळीनिमित्त संपादकांनी ऐसपैस जागा दिली आहे, तेव्हा २०२५ सालातला आमच्या घरचा सारा खटाटोप सांगूनच टाकतो. ज्यांना मोटारींत गोडी नाही त्यांनीही उठून जाऊ नये. या हकीकतीत मोटार आहे तसा हातभट्टीचा संशय आहे, डालड्याचा डबा आहे, आणि अवकाळी पाऊसही आहे.

माझे काका, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांचा माहीमला दवाखाना होता. १९६७ साली त्यांनी फियाटसाठी नाव नोंदवले आणि १९७३ साली गाडी हातात आली. आजच्या तरुण वाचकांना हे खोटे वाटेल. पण त्या काळी मोटार विकत घ्यायला पैशाइतकेच दीर्घायुष्यही लागे. गाडी कुर्ल्याची. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली; पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि १९६४ पासून '११०० डिलाइट' ही गाडी निघू लागली. करार संपल्यावर तिचे नाव 'प्रेसिडेंट' झाले आणि १९७४ साली 'पद्मिनी'. पत्रा तोच, १०८९ घनसेंटिमीटरचे यंत्र तेच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरही तोच. मुंबईत टॅक्सी म्हणून जी काळी-पिवळी धावे ती हीच. तिथल्या शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर भरली आणि ती रस्त्यावरून उतरली. अण्णांची गाडी दोन नावांच्या मधली, म्हणजे 'प्रेसिडेंट'. पण घरात तिला फियाटखेरीज दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. (वालचंद शेठजींचा आमच्या नाशिक जिल्ह्याशी संबंध मोटारीचा नव्हे, साखरेचा. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या साखरेचा उद्योग त्यांनी १९३३ साली उभा केला. कंसातले म्हणून हे वाक्य वाचकांनी गाळू नये. पुढे साखरेचे काम पडणार आहे.)

काकू गेल्या, दवाखाना बंद झाला, आणि २०१३ पासून गाडी माहीमच्या इमारतीच्या आवारात प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली उभी राहिली. २०२५ च्या आरंभी इमारत पाडून नवी बांधायचे ठरले. अण्णा आमच्याकडे नाशिकरोडला राहायला आले. गाडीला भंगारवाल्याने किलोच्या हिशेबाने भाव सांगितला. तो सौदा मी मोडला आणि फेब्रुवारीत ती ट्रकवर घालून कसारा घाटाने वर आणली. जेलरोडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यापुढे फरसबंद अंगण आहे, तिथे ती उतरवली. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. वय ८३. ते म्हणाले, "हे बघ, दिवाळीपर्यंत ही आपल्या पायांवर उभी राहत असेल तर ठेव. नसेल तर दिवाळीच्या आधी भंगारात दे. मी गेल्यावर तुम्ही मंडळींनी तिच्याकडे बघून सुस्कारे टाकायचे, आणि तिच्यात उंदरांनी संसार थाटायचे, हे मला चालणार नाही."

मुदत अशी ठरली.

आता आधी थोडे शास्त्र. लोखंड गंजायला प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात. प्राणवायू सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो पाण्यात. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या खाली असला की गंजाची चाल मंदावते, वर गेला की झपाट्याने वाढते. त्यात समुद्राचे मीठ बसलेले असले तर बोलायलाच नको, कारण मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेते. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रह्मण्यम यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटाचा एक पातळ, घट्ट थर बसला आहे, आणि तोच थर त्याचे रक्षण करतो. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहे.

म्हणजे उष्ण हवा मोटारीची वैरीण, हा समज अर्धाच खरा. उन्हाने रंग उडतो, दारांची रबरे कडक होऊन तडकतात, गादीच्या शिवणी उसवतात. पण पत्रा खातो तो दमटपणा. ऊन रबर तडकवते, तडकलेल्या रबरातून पावसाचे पाणी आत शिरते, आणि पायाखालच्या काथ्याच्या चटईखाली ते महिनोन् महिने मुरत राहते. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री घातली की दिवसा तापून आणि रात्री निवून तिच्या पोटाला घाम सुटतो. माहीमला बारा वर्षे हेच चालले होते. झाकून ठेवलेल्या मोटारीपेक्षा शेडखाली उघडी ठेवलेली मोटार जास्त जगते; कापडी आच्छादन घालणे निराळे. आमच्या नाशिकरोडच्या फाल्गुन-चैत्रातल्या हवेत एका दिवसात पापड कडकडीत वाळतात. तिच्या पोटात दडलेले पाणी याच हवेने ओढून काढायचे, असा बेत होता.

पण त्याआधी मीठ धुवायला हवे होते. मीठ तसेच ठेवून वर रंग दिला, तर रंगाखाली ते पाणी बोलावीतच राहते. म्हणून पहिले आठ दिवस आम्ही गाडी उलगडून तिच्या पोटाखाली, मडगार्डांच्या आत, दारांच्या पोकळीत नळाचे गोडे पाणी मारत होतो. गंजलेली गाडी पाण्याने धुताना बघून शेजारच्या गृहस्थांनी माझ्या डोक्याविषयी चौकशी केली. हे गृहस्थ इथल्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ साली आणि करन्सी नोट प्रेस १९२८ साली आला. गावातल्या दर दोन-चार घरांआड एक तरी माणूस तिथे नोकरी केलेला सापडतो. नोटेवरचा सुतासारखा दोष हुडकण्यात यांचा उभा जन्म गेला. भिंग घेऊन ते रोज सकाळी अंगणात येऊ लागले, आणि कुठल्या पट्टीखाली अजून पांढरी खार उरली आहे ते मला दाखवू लागले. असा तपासनीस फुकट मिळणे हे भाग्य, पण रोज सकाळी सहाला मिळणे जरा जास्तच.

पत्र्याच्या कामाला जुन्या नाशकातले एक चाचा मिळाले. साठी उलटलेली, आणि ऐन उमेदीची वर्षे फियाटच ठोकण्यात गेलेली. त्यांच्याजवळ हत्यारे तीन: लोहचुंबक, टोकदार हातोडी आणि डाव्या हाताची बोटे. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. हातोडी जिथे 'टण्ण' म्हणते तिथे ठीक. 'थप्प' म्हणते तिथे आत पोकळ. अण्णा हे बघत होते. मग ते उठले आणि डावे बोट मडगार्डावर ठेवून उजव्या बोटाने त्यावर ठोके देऊ लागले, छातीत पाणी झालेला रोगी तपासावा तसे. चाचा आणि अण्णा दोघांनी खडूने आपापल्या खुणा केल्या. दोन-चार बोटांचा फरक सोडला तर दोघांचे निदान एकच निघाले.

निदान गंभीर होते. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी तीच हाडे आणि तीच कातडी. तिची सगळी मदार दारांखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर असते. मेकॅनिक लोक तिला सिल म्हणतात. मी मोटारीचा उंबरठा म्हणतो. या उंबरठ्याच्या पोकळीत पाणी साचते, बाहेर जायची भोके धुळीने बुजतात, आणि गंज आतून पत्रा खात येतो. शिवाय गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून जोडातले दोन पत्रे तो पाचर मारल्यासारखा फाकवतो. आमचे दोन्ही उंबरठे गेले होते. डाव्या बाजूला चाचांच्या हातोडीचे टोक घुसले ते मुठीपर्यंत.

गाडीच्या आत मागची गादी उचलली तेव्हा एक पाच पैशांचे नाणे, जकात नाक्याची पुसट पावती आणि काकूंची केसांची पिन निघाली. पिन अण्णांनी खिशात टाकली. पुढे दारांच्या तळाची पाणी जायची भोके मोकळी करायला त्यांनी तीच वापरली. तिच्याइतके नेमके हत्यार पेटीत नव्हते.

ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र प्रश्न उभा राहिला. चटई काढली तर तिथे डालड्याच्या डब्याचा सपाट केलेला पत्रा, कडेने रिबिट मारून, डांबर फासून बसवलेला. वरचे माडाचे झाड अजून ओळखू येत होते. १९८६ च्या पावसाळ्यात तळाला भोक पडले तेव्हा अण्णांनी आणि काकूंनी रविवारी दुपारी बसून हे ठिगळ लावले होते. डांबर काकूंनी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पातळ केले होते.

आता माझा धंदा मराठी शिकवण्याचा. जुन्या पोथीच्या प्रती समोर ठेवून मूळ पाठ कोणता आणि मागाहून घुसडलेला कोणता, हे ठरवायच्या शास्त्राला आम्ही पाठचिकित्सा म्हणतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती याच पद्धतीने काढली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पुरे झाले, आणि सारे काम तडीला जायला १९६६ साल उजाडले. त्यांच्या शिस्तीने पाहिले तर डालड्याचा पत्रा हा उघड प्रक्षेप. कुर्ल्याच्या कारखान्यातून तो आलेला नाही. पण चिकित्सित आवृत्तीतसुद्धा प्रक्षेप फेकून देत नाहीत, तळटीपेत जपून ठेवतात. मी चाचांना म्हटले, हा तुकडा राहू द्या. काकूंच्या हाताचे डांबर आहे त्यावर.

चाचा म्हणाले, "सरजी, बोलाल तसं करतो. पण ह्याच्या खाली काय आहे ते बघा एकदा."

अण्णा खाली वाकले, ठिगळाच्या कडेला बोट दाबले. डांबराखालून तपकिरी पाणी आले. मार्चच्या उन्हात, महिनाभर वाळवल्यावर.

"काढा," अण्णा म्हणाले. "आत पू आहे. मांस चांगलं लागेपर्यंत कापायचं असतं, आणि त्याच्याही पुढे बोटभर."

"अहो, पण काकूंनी..."

"तुझ्या काकूनंच तेव्हा सांगितलं होतं, हे दोन पावसाळ्यांपुरतं आहे म्हणून. मीच पुढं ढकलत राहिलो."

चाचांनी छिन्नी लावली. ठिगळ निघाले तेव्हा त्याखालचा कुर्ल्याचा पत्रा हाताने चुरगळला. डालड्याचा डबा मात्र माडाच्या झाडासह जवळजवळ शाबूत होता. तो आता आमच्या फळीवर आहे, आणि सौभाग्यवती त्यात रद्दीच्या सुतळ्या ठेवतात.

नटबोल्टांची कथा निराळी. गंजलेला बोल्ट दांडगाईने फिरवला की मान मोडतो. त्याला आदल्या संध्याकाळी तेल पाजायचे, सकाळी पाना लावून आधी किंचित आवळायचा आणि मग सैल करायचा. आमच्याकडे उन्हाचीही मदत झाली. दिवसभर पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, रात्री निवतो. या प्रसरण-आकुंचनाने गंजाची पकड जराशी सुटते आणि तेल आत शिरते. अर्थात त्याच उन्हामुळे पाने सावलीत ठेवावे लागत, आणि काम पहाटे साडेपाच ते दहापर्यंतच चाले.

निघालेल्या सुट्या भागांचा गंज काढायला मी मळी आणली. उसाची मळी एक भाग, पाणी नऊ भाग, आणि त्यात लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचे. मळी गंजातले लोखंड हळूहळू धरून घेते, चांगल्या लोखंडाला फारशी शिवत नाही. ॲल्युमिनियमला मात्र ती खाते, म्हणून कार्ब्युरेटर चुकूनही तिच्यात घालू नये. थंड देशांत या कामाला महिना-महिना लागतो; आमच्या एप्रिलात पंधरा दिवसांत बिजागऱ्या स्वच्छ करड्या होऊन बाहेर आल्या.

पण त्या पंधरा दिवसांत दोन पिंपे मळी अंगणात आंबत होती. तिसऱ्या दिवशी वास जिन्यात आला, सहाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर. आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम उदबत्ती लावली, मग कापूर, आणि शेवटी मला उद्देशून भिंतीशी बोलायला सुरुवात केली. नवव्या दिवशी सोसायटीच्या सचिवांनी दार वाजवले. "सर, तुम्ही प्राध्यापक माणूस, म्हणून आधी तुम्हालाच विचारतो," ते आवाज उतरवून म्हणाले, "पिंपात नक्की काय आहे?" मी झाकण उघडून चिमट्याने दाराची बिजागरी वर काढली. सचिवांच्या मुद्रेवर निःश्वास आणि निराशा दोन्ही दिसले. तरीही सभा झाली, आणि पिंपे रविवारपर्यंत हलवावीत असा ठराव एकमताने पास झाला. त्या एकमतात आमच्या घरचेही मत होते.

सुटे भाग मिळवणे ही एक तपश्चर्याच. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार म्हणजे नाशिकच्या मेकॅनिकांचे जुने वाचनालय. तो महापालिकेने २०१७ साली आणि पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीत हटवला. राहता राहिले कुर्ला. तिथे सीएसटी रोडच्या दुकानांत फियाटची काही सामग्री सापडली. उंबरठे मात्र तयार मिळेनात. ते चाचांनी वीस गेजच्या पत्र्यातून वाकवून घडवले. ते बसवायची रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत, आणि दारे काढून ठेवायची नाहीत. एका बाजूला खालून जॅक द्यायचे, आत आडवे लोखंड बांधायचे, दार बंद करून त्याची फट सगळीकडे सारखी आहे हे पाहायचे, आणि मग कापायचे. नाहीतर गाडी मधोमध खचते, नवा उंबरठा त्याच खचलेल्या स्थितीत जोडला जातो, आणि मग दारे जन्मभर लागत नाहीत. एका गॅरेजवाल्याने आम्हाला सुरुवातीला "दोन दिवसांत वरून पट्टी मारून देतो, रंगाखाली कुणाला कळणार?" असे सांगितले होते. शहरात अशा पट्ट्या मारलेल्या, वरून आरशासारख्या चकाकणाऱ्या जुन्या गाड्या खूप फिरतात. त्यांचे मालक मोठ्या हौसेने फोटो काढून घेतात. मला त्या गाड्यांची काळजी वाटते, आणि त्यांच्यात बसणाऱ्या माणसांची जास्त.

आमचे सारे वेळापत्रक मृगावर बांधलेले होते. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी उघडा पत्रा राहता कामा नये, हे शेतकऱ्याच्या पेरणीइतके नक्की. मेअखेर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यायचे होते. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्याच्यावर विसंबून पावसाळा काढला तर आत पुन्हा गंज धरतो.

२०२५ साली मे महिना काय करून गेला, ते नाशिककरांना सांगायला नको. पहिल्या पंधरवड्यातच अवकाळी पाऊस सुरू झाला. शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला. ज्यांचे वर्षाचे पोट त्यावर, त्यांच्यापुढे एका मोटारीचे रडगाणे गाऊ नये हे खरे. पण आमचा चाळीस दिवस घासून रुपेरी केलेला पत्रा अंगणात उघडा होता. एका रात्रीत सगळा सांगाडा केशरी झाला. बोट फिरवले की बोट लाल.

सकाळी अण्णा बाहेर आले, पाहिले, आणि काही न बोलता आत जाऊन पडून राहिले. डॉक्टर माणूस तसा निराश होणारा नव्हे. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

संध्याकाळी सचिव आले. मला वाटले, पिंपांचे उरलेले प्रकरण. पण ते म्हणाले, "गणपतीच्या मांडवाचे बांबू नि ताडपत्र्या वर गच्चीत पडून आहेत. लावायच्या का?" रात्री दहापर्यंत अंगणात मांडव उभा राहिला. छापखान्याच्या गृहस्थांनी दोन मोठे हॅलोजन दिवे आणले. आतली हवा तापून कोरडी झाली. तीन रात्री आम्ही पाच-सहा जण पॉलिश पेपर घेऊन बसलो. तळाच्या ज्या खाचांत हात जात नव्हता, तिथे टॅनिन आणि फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले. गंजावर ते पडले की रंग तपकिरीचा निळा, आणि निळ्याचा काळा होतो. ही किमया आपल्या आजोबांना ठाऊक होती: हिरडा आणि हिराकस उकळून शाई करायची जुनी रीत हीच. लोखंड आणि टॅनिन यांचे मिळून काळे होते. मेहरौलीच्या खांबावरचा फॉस्फेटाचा थर आणि बोरूची शाई, दोन्ही एका बाटलीत मिळतात. मात्र जाड पापुद्र्यावर लावून उपयोग नाही. सुटा गंज आधी खरवडलाच पाहिजे.

चौथ्या सकाळी ऊन पडले. नऊ वाजता चाचांनी पहिला हात मारला, दुपारी दुसरा. २६ मे रोजी मॉन्सून मुंबईत पोचला, इतक्या लवकर कित्येक दशकांत पोचला नव्हता, तेव्हा आमची गाडी राखाडी रंगात कोरडी उभी होती. अण्णांनी तिच्यावर टकटक करून पाहिले आणि पिठले-भाकरी मागितली.

पावसाळाभर यंत्राकडे पाहिले. पेट्रोलच्या टाकीत आत गंजाचा चिखल होता. मूठभर नट आणि पाणी घालून, टाकी जुन्या गोधडीत गुंडाळून सोसायटीच्या पोरांना हलवायला दिली. त्यांनी ते काम खेळासारखे दोन दिवस केले. टाकीला छिद्र आढळले तर ती स्वतः झाळायला घेऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.

आणि इथे ती कंसातली साखर परत येते. आता देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. ते पुष्कळसे उसाच्या रसाचे आणि मळीचेच. हे इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि १९७३ सालच्या रबराला फुगवते. ज्या मळीने आमचा गंज काढला, तिचीच लेक टाकीत पुन्हा गंज धरणार. म्हणून पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवल्या, आणि गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवायची असे ठरले. रिकाम्या जागेतच ओल जमते. दुसरा उपद्रव उन्हाळ्यातला: यंत्राला चिकटून बसलेला पेट्रोलचा पंप घाटात तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. काकू कसारा घाटासाठी ओला पंचा आणि पाण्याची किटली जवळ ठेवीत. पंपावर पंचा घातला की दहा मिनिटांत गाडी चाले. हा उपाय आजही उत्तम आहे. मी पंपाच्या बाजूला पत्र्याचा एक आडोसा केला, तरी पंचाही ठेवणार आहे.

सरकारी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ साली केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी नवा नियम केला. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, नोंदणीला २०,००० रुपये पडतात, ती दहा वर्षे चालते. आमची गाडी त्यात बसू शकेल. पण तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, शर्यती-फेऱ्या, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच. शिवाय ती मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. आमच्या नव्या उंबरठ्यांना फेरफार म्हणावे की औषधोपचार? मी या प्रश्नावर बरेच विवेचन करू लागलो, तेव्हा अण्णांनी थांबवले. "मला प्रदर्शनात बसायचं नाही. शनिवारच्या भाजीला जायचंय." तेव्हा साधे नूतनीकरण करायचे ठरले, दर पाच वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर भरून.

हे लिहितो आहे ते सप्टेंबरअखेर. रंग अजून दिलेला नाही. भर पावसाळ्यात दिला तर ओलीने पांढरट झाक येते, वैशाखात दिला तर पत्र्यावर पडायच्या आतच वाळून त्याला संत्र्याच्या सालीसारखे खडबडीतपण येते. नवरात्रानंतरची सकाळ त्याला योग्य. रंग अस्तराखाली सापडलेला मूळचाच, निळसर राखाडी. त्याच्या वरचे दोन रंग, पिवळट आणि पांढरा, अण्णांनी मागाहून दिलेले. घरी रंग मारायचा तर एक सांगतो: हल्लीच्या दोन डब्यांच्या रंगांतला आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. आम्ही ते काम रंगाच्या बंद खोलीत करून घेणार आहोत.

उंबरठ्यांच्या पोकळीत पातळ केलेले मेण मात्र ऑक्टोबरच्या उन्हात घरीच भरू. उन्हाने ते पातळ राहून जोडांत शिरते. या एका कामात आमची हवा विलायतेपेक्षा बरी.

नोंदणी होईपर्यंत रस्त्यावर जायची सोय नाही. तेव्हा गेल्या रविवारी अण्णांनी गाडी अंगणातून फाटकापर्यंत नेली आणि मागे आणली. सगळा प्रवास पन्नास फुटांचा. सचिव, छापखान्याचे गृहस्थ, पोरे आणि चाचा दोन्ही बाजूंना उभे होते. फाटकाशी त्यांनी ब्रेक लावला, हात बाहेर काढून मला जवळ बोलावले. मी काहीतरी ऐकायच्या तयारीने गेलो.

"डावीकडं ओढतेय," अण्णा म्हणाले. "पुढचं डावं चाक उद्या परत काढा."

सोमवारी सकाळी सहाला आम्ही ते काढले.